मेनफ्रेमचे प्रोग्रॅम पीसीवर तयार करताना सॉफ्टवेअरची निवड

बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांचे बरेच हिशेब आजही मेनफ्रेमवर चालतात, आणि त्यांतले पुष्कळ प्रोग्रॅम कोबॉलमध्ये आहेत. ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र साधा पीसी किंवा लॅपटॉप असतो. म्हणून पीसीवर कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. निवड चुकली तर प्रोग्रॅम पीसीवर बरोबर उत्तर देतो आणि मेनफ्रेमवर गेल्यावर कोणाच्या तरी खात्यातली रक्कम चुकते. हे कसे घडते आणि कसे टाळायचे, ते या पाठात पाहू.

१. एका यंत्रावर लिहायचे, दुसऱ्यावर चालवायचे

ही पद्धत जुनीच आहे. १९७४ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एका रुग्णालय माहिती प्रणालीचे कोबॉल प्रोग्रॅम बरोज कंपनीच्या मध्यम आकाराच्या संगणकांवरून त्याच कंपनीच्या लहान संगणकांसाठी बदलून दिले. ते काम झाले आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर. पुढे १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी/३७० हे यंत्र आणले. त्यात जादा कार्डे बसवून सिस्टिम/३७० मेनफ्रेमच्या आज्ञा पीसीवर चालवण्याची सोय केली होती. आज ते काम कार्डांऐवजी सॉफ्टवेअर करते.

२. फरक नेमका कुठे पडतो?

अक्षरसंकेत : तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठ्यांच्या काळातले मोडी कागद आहेत. भाषा मराठीच, पण फक्त देवनागरी येणाऱ्याला ते वाचता येत नाहीत. इथेही तसेच आहे. पीसी अक्षरे आस्की संकेतात साठवतो, आयबीएम मेनफ्रेम एबसिडिक संकेतात. इंग्रजी मोठा 'ए' आस्कीत ६५, तर एबसिडिकमध्ये १९३.

क्रम : संकेत बदलला की क्रमही बदलतो. आस्कीत आधी अंक, मग मोठी अक्षरे, मग लहान अक्षरे. एबसिडिकमध्ये आधी लहान, मग मोठी आणि शेवटी अंक. समजा, खातेक्रमांक काही अंकांनी आणि काही अक्षरांनी सुरू होतात. पीसीवर क्रम लावलेली फाइल मेनफ्रेमवरच्या जुळवणीच्या प्रोग्रॅमला दिली, तर खाते फाइलमध्ये असूनही 'असे खाते नाही' असा अहवाल येऊ शकतो.

पॅक्ड दशमान : कोबॉलमधल्या कॉम्प-३ प्रकारात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असते. पाच पूर्णांकी आणि दोन दशांश स्थानांच्या क्षेत्रात १२३.४५ ही रक्कम षोडशमान पद्धतीत ००-१२-३४-५सी अशी चार बाइटमध्ये साठते. इथे 'सी' म्हणजे अधिक चिन्ह. आता संपूर्ण फाइल मजकूर समजून एबसिडिकमधून आस्कीत बदलली, तर शेवटच्या बाइटचे काय होईल? एबसिडिकमध्ये ५सी म्हणजे तारांकन, आणि आस्कीत तारांकन २ए आहे. म्हणजे शेवटचा अंक ५ चा २ झाला. यंत्राच्या दृष्टीने 'ए' हेही अधिक चिन्हच असल्यामुळे तक्रार होईलच असे नाही. चूक गुपचूप पुढे जाते. म्हणून अशा फाइलचे रूपांतर रेकॉर्डच्या आराखड्याप्रमाणे क्षेत्रागणिक करावे. मजकुराची क्षेत्रे बदलावीत, पॅक्ड क्षेत्रे जशीच्या तशी ठेवावीत.

भोवतालची व्यवस्था : प्रोग्रॅम एकटा चालत नाही. काम सोपवण्यासाठी जेसीएल, फाइलींसाठी व्हीसॅम, पडद्यावरच्या व्यवहारांसाठी सीआयसीएस, माहितीसाठी डीबी-टू असा परिवार त्याच्याभोवती असतो. यांतले काय लागणार, यावरच निवड ठरते.

३. उपलब्ध पर्याय

(अ) केवळ कंपायलर : ग्नू कोबॉल हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. पूर्वी त्याचे नाव ओपन कोबॉल होते. ते कोबॉलचे रूपांतर सी भाषेत करते आणि मग सी कंपायलरकडून चालवण्याजोगा प्रोग्रॅम बनवून घेते. त्यात आयबीएमच्या बोलीसाठी वेगळा पर्याय आहे. मात्र बोली निवडली म्हणून माहितीचा संकेत एबसिडिक होत नाही. त्यात सीआयसीएस नाही. भाषा आणि हिशेबाचे तर्क शिकायला हे उत्तम आहे.

(आ) एम्युलेटर : रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले हर्क्युलिस हे सॉफ्टवेअर पीसीवर मेनफ्रेमच्या आज्ञा चालवते. त्यावर एमव्हीएस ३.८जे ही जुनी, सर्वांना खुली असलेली कार्यप्रणाली चालते. जेसीएल, कामांची रांग, ३२७० पडदा आणि एबसिडिक या गोष्टी इथे खऱ्याखुऱ्या भेटतात. पण तिथला कोबॉल कंपायलर जुन्या काळचा आहे. कोबॉल-८५ मध्ये आलेली 'एंड-इफ' आणि 'इव्हॅल्युएट' ही वाक्ये त्याला कळत नाहीत. आजची झेड-ओएस ही प्रणाली परवान्याखाली येते. तिची इकडून तिकडून मिळालेली प्रत हर्क्युलिसवर चालवू नये.

(इ) परवान्याची साधने : एंटरप्राइज डेव्हलपर हे मायक्रो फोकसचे सॉफ्टवेअर २०२४ पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहे. ते पीसीवरच सीआयसीएस आणि जेसीएलसारखे वातावरण उभे करते आणि एबसिडिकही सांभाळते. आयबीएमचे झेड डेव्हलपमेंट अँड टेस्ट हे लिनक्सच्या यंत्रावर प्रत्यक्ष झेड-ओएस चालवते. दोन्ही साधने मुख्यतः कंपन्यांसाठी आहेत.

(ई) पीसीवर संपादक, काम मेनफ्रेमवर : व्हीएस कोडमध्ये झोई एक्सप्लोररची जोड घेतली की दूरच्या झेड-ओएसवरील फाइली उघडता येतात आणि कामे पाठवता येतात. झोई हा २०१८ मध्ये सुरू झालेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे. सरावासाठी आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मोफत कार्यक्रम खऱ्या झेड-ओएसवर काम करू देतो. मात्र इंटरनेट अखंड हवे.

४. निवड कशी करावी?

प्रथम प्रोग्रॅम वाचून तो कशाकशाला हात लावतो, याची यादी करा. साध्या क्रमवार फाइली आणि हिशेब एवढेच असेल, तर (अ) पुरेसे आहे. जेसीएल आणि मेनफ्रेमची कार्यपद्धती शिकायची असेल, तर (आ) घ्या. आजचा झेड-ओएस हाताळायचा असेल, तर (ई) कडे जा. सीआयसीएस किंवा डीबी-टूचा प्रोग्रॅम पीसीवरच तपासायचा असेल, तर (इ) लागेल आणि तो खर्च संस्थेने करायचा आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्याने (अ) आणि (ई) यांची जोडी घ्यावी. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

५. विश्वास ठेवण्यापूर्वी चाचणी

कोणतेही सॉफ्टवेअर निवडले तरी पाच रेकॉर्डची छोटी फाइल बनवा : एक ऋण रक्कम, एक शून्य, क्षेत्रात मावेल ती सर्वांत मोठी रक्कम, लहान अक्षराने सुरू होणारा खातेक्रमांक आणि अंकाने सुरू होणारा खातेक्रमांक. हीच माहिती पीसीवर आणि मेनफ्रेमवर चालवून निकाल ताडून पाहा. छापील अहवाल सारखा दिसला म्हणून थांबू नका. आलेल्या फाइलींचे बाइट षोडशमानात पाहा आणि वेगळे दिसणारे प्रत्येक बाइट संकेतामुळे वेगळे आहे की चुकीमुळे, ते ठरवा. चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांची माहिती पीसीवर आणू नका. रचलेली माहिती वापरा.

लक्षात ठेवा : पीसीवर तर्क तपासता येतो, पण अंतिम खात्री ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालणार त्याच यंत्रावर होते.

स्वाध्याय

१. ००-०९-९९-९सी या पॅक्ड क्षेत्रात दोन दशांश स्थाने असतील, तर रक्कम किती?
२. बी२०, ७५० आणि लहान अक्षराने सुरू होणारा बी२० हे तीन खातेक्रमांक आस्की व एबसिडिक क्रमाने मांडा.
३. जेसीएल शिकायचे आहे, पण इंटरनेट अधूनमधूनच मिळते. अशा विद्यार्थ्याला कोणता पर्याय सुचवाल? कारण लिहा.