प्रकाश आणि भूदृश्य : वाळवंट, सडा आणि तिरपे ऊन

वाळवंटाच्या छायाचित्रात झाड, पाणी किंवा वस्ती यांचा आधार क्वचितच मिळत असल्याने चित्राला आकार देण्याचे जवळजवळ सगळे काम तेथे प्रकाशालाच करावे लागते. जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्या भर दुपारी एकरंगी, सपाट दिसतात; मात्र सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते आणि वाळूवरची दोन सेंटिमीटरांची लाटसुद्धा अकरा सेंटिमीटरांची गडद रेघ ओढते. पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या या उन्हाला, म्हणजेच तिरप्या प्रकाशाला, भूदृश्य छायाचित्रणात जे महत्त्व आहे ते महागड्या भिंगालाही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गगनबावड्यात वाळवंटाचा विषय काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु गवत वाळून गेल्यावर मार्च ते मे या काळात येथील सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, इतकी बोडकी होतात की वाळवंटाचा प्रकाशनियम त्यांना जसाच्या तसा लागू पडतो. किंबहुना येथील दुपार अधिक कठोर असते. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य कधीच नेमका माथ्यावर येत नाही. गगनबावडा सुमारे साडेसोळा अक्षांशांवर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तो थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि कातळाचा खडबडीतपणा चित्रातून नाहीसा होतो.

सायंकाळी सूर्यकिरणांना हवेच्या कितीतरी जाड थरातून यावे लागते, त्यात निळा प्रकाश विखुरतो आणि उरलेल्या तांबूस प्रकाशात जांभ्याचा मूळचा लालसर रंग अधिक गहिरा होतो. सावल्यांना मात्र केवळ आकाशाचाच प्रकाश मिळत असल्याने त्या निळसर राहतात. हा रंगविरोध या भागाच्या छायाचित्रांत फार कमी दिसतो, कारण बहुतेक छायाचित्रे पावसाळ्यातल्या हिरवाईचीच काढली जातात, आणि ही उणीव खरोखरच खटकणारी आहे.

येथे दिशेचाही विचार करावा लागतो. सह्याद्रीचा कडा पश्चिमेस, कोकणाकडे तोंड करून उभा असल्याने सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. सायंकाळी त्यावर ऊन पडते. परंतु करूळ घाटाच्या पायथ्याकडून, म्हणजे सूर्य पाठीशी ठेवून, पाहिल्यास कडा बराचसा सपाट भासतो, तर माथ्यावरून कड्याच्या रेषेने उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहिल्यास तेच ऊन बाजूने येऊन घळी आणि सोंडा एकमेकींपासून वेगळ्या काढते.

वाळवंटाच्या कोरड्या हवेत दूरचे डोंगरही रेखीव दिसतात, उलट कोकणातून येणारी दमट हवा उन्हाळ्यात त्यांना धुरकट करते. म्हणून दूरच्या रांगांसाठी पाऊस सरल्यानंतरची धुतलेली हवा आणि जवळच्या कातळासाठी उन्हाळा, अशी कामाची विभागणी करणे योग्य ठरते.

चांगला प्रकाश थोडाच वेळ टिकतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 साली ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे प्रसिद्ध छायाचित्र टिपले, तेव्हा दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन जाण्याच्या बेतात होते आणि प्रकाशमापक हाताशी न लागल्याने त्यांनी चंद्राच्या ज्ञात तेजावरून एक्स्पोजर ठरवले. गगनबावड्यात सूर्य सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला जेमतेम पंचवीस मिनिटे लागतात. तेव्हा छायाचित्रकाराने सूर्यास्ताच्या तासभर आधी सड्यावर पोहोचून जागा निश्चित करावी आणि ट्रायपॉड कड्याच्या टोकापासून पुरेसा आत उभा करावा.