उकरणाऱ्या माशांच्या टाकीत झाडं कोणती?

नांदेडच्या मासळी बाजारातली चिलापी आणि काचेच्या टाकीतला ऑस्कर, दोन्ही सिक्लिड कुळातले. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या चिलापीचा नर विणीसाठी तळ तोंडाने उकरून खड्डा करतो. ही खोड टाकीतही सुटत नाही. मग वाळूत रोवलेलं झाड सकाळी तरंगताना दिसतं.

तेव्हा वाळूच टाळावी. अनुबियास आणि जावा फर्नचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं वाढतं. मुळं दगडाला घट्ट धरतात, अन्न पाण्यातूनच मिळतं. दोऱ्याने ओंडक्याला बांधलं की झालं. खोड पुरलं तर मात्र कुजतं. लातूरकडचं बोअरचं जड पाणीही दोन्ही सोसतात. पानं चिवट असल्याने मासे सहसा वाटेला जात नाहीत. वॅलिस्नेरिया हवीच असेल, तर कुंडीत लावून वर मोठे गोटे रचावेत.