पिल्लू बूड का घासते?

मागचे दोन्ही पाय पुढे ताणायचे, बूड जमिनीला टेकवायचे आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत फरशीवरून चार-सहा हात पुढे जायचे, ही कुत्र्याच्या पिल्लाची हालचाल बघणाऱ्याला गमतीची वाटते. पिल्लाला मात्र त्या जागी खाज, जळजळ, टोचणी किंवा दाब जाणवत असतो. तिथे पंजा पोहोचत नाही. जीभ आणि दात पोहोचतात, पण लहान, गुबगुबीत पिल्लाला तेवढे वळताना तोल सावरता येत नाही. मग जमिनीचाच आधार उरतो. बूड घासणे हे लक्षण आहे. त्यामागची कारणे अनेक असतात आणि बऱ्याचदा ती एकमेकांत गुंतलेली असतात.

शी केल्यावर पिल्लाने एखाद्या वेळी गवतावर किंवा पायपुसण्यावर बूड पुसले, तर त्यात काळजीचे काही नाही. पण दिवसातून अनेकदा आणि सलग दोन-तीन दिवस घासणे चालू असेल, पिल्लू मध्येच दचकून शेपटीकडे वळत असेल, तिथे सारखे चाटत असेल, शेपूट दाबून धरत असेल किंवा बसताना एका बाजूला कलत असेल, तर कारण शोधायला हवे.

हा शोध शेपूट उचलून बघण्यापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच संपतो. एकाने पिल्लाला मांडीवर घट्ट पण मायेने धरावे आणि दुसऱ्याने चांगल्या उजेडात बघावे. निरोगी पिल्लाच्या गुदद्वाराभोवतीची कातडी कोरडी आणि सपाट असते, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पोमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा अशा लांब केसांच्या पिल्लांमध्ये शी केसांना चिकटून वाळते आणि तिचा कडक गठ्ठा होतो. तो कातडीला ओढत राहतो आणि खाली ओल धरून लाली येते. कधी कधी हा गठ्ठा गुदद्वारावर झाकणासारखा बसतो, मग पिल्लाला शी करताच येत नाही. कोमट पाण्यात भिजवलेले फडके गठ्ठ्यावर पाच-दहा मिनिटे धरले की तो मऊ पडतो आणि बोटांनी हळूहळू सोडवता येतो. त्या जागी कात्री चालवणे धोक्याचे असते, कारण केसांच्या गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कापली जाते. तिथले केस ट्रिमरने आखूड ठेवले तर हा त्रास पुन्हा होत नाही.

पावसाळ्यानंतर माळरानावर, रिकाम्या प्लॉटवर किंवा डोंगरउतारावर हिंडून आलेल्या पिल्लाच्या शेपटीखाली कुसळही सापडते. कुसळाची ठेवणच अशी असते की ते पुढे सरकते, मागे येत नाही. वर दिसत असेल तर चिमट्याने काढता येते, पण आत रुतलेले कुसळ पशुवैद्याकडूनच काढून घ्यावे. शेपटीच्या मुळाशी गोचीडही दडून बसतात.

दोऱ्याची गोष्ट मात्र फार वेगळी आहे. दिसेल ते चघळणाऱ्या पिल्लाच्या पोटात शिवणाचा दोरा, लोकर, मोज्याचा धागा, संक्रांतीच्या दिवसांत मांजासुद्धा जातो आणि त्याचे टोक कधी कधी गुदद्वारातून लोंबताना दिसते. ते ओढून काढायचा मोह आवरलाच पाहिजे. दोऱ्याचे दुसरे टोक आत कुठे अडकले असेल, तर ओढण्याने आतडे चुणीदार गोळा होते आणि दोरा आतड्याची भिंत कापतो. असे टोक दिसले की हात न लावता पिल्लाला थेट दवाखान्यात न्यावे.

शेपटीखाली असे काहीच सापडले नाही, तर शीकडे बघावे. पिल्लाच्या बाबतीत निम्मे उत्तर तिथे असते. पातळ शी वारंवार झाली की तिथली कातडी हुळहुळी होते, बाळाला लंगोट चावतो तसे. नव्या घरी आलेल्या पिल्लाचे पोट बिघडायला कारणेही भरपूर असतात. केंद्र सरकारच्या 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, तरी 45 दिवसांची पिल्ले सर्रास घरी आणली जातात. आई सुटलेली, जागा नवी, खाणे नवे, आणि समोर बशीभर दूध नि कुस्करलेली पोळी. गाईम्हशीच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा दुग्धशर्करा जास्त असते, आणि ती पचवणारे विकर पिल्लाचे अंगावरचे दूध तुटत जाते तसे कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. दूध-पोळी घालणाऱ्याच्या मायेत काही खोट नसते, पण पिल्लाच्या पोटाला ती सोसत नाही. दूध बंद करणे, आधीच्या घरी चालू असलेले खाणे काही दिवस तेच ठेवणे आणि नवे खाणे आठवडाभरात थोडे थोडे मिसळत वाढवणे, एवढ्यानेही पुष्कळ पिल्लांचे बूड घासणे थांबते. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला जुलाबाबरोबर उलट्या होत असतील, शीमध्ये रक्त असेल किंवा ते मलूल पडले असेल, तर पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बूड घासणारे पिल्लू दिसले की शेजारीपाजारी पहिले निदान करतात ते जंतांचे. त्यात तथ्य आहे, पण ते नेमके कोणते हे कळायला हवे. लहान मुलांना रात्री ज्या दोऱ्यासारख्या पांढऱ्या जंतांमुळे गुदाशी खाज सुटते, ते माणसाचेच जंत आहेत. ते कुत्र्याला होत नाहीत आणि कुत्र्याकडून मुलांना लागतही नाहीत. पिल्लांमध्ये सर्रास आढळणारे गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात, अंकुशकृमी दुधातून येतात. हे जंत पोट डेरेदार करतात, वाढ खुंटवतात, रक्त पितात; बूड घासण्याशी त्यांचा संबंध आला तर तो पातळ शीमार्फत येतो. सरळ खाज आणणारा जंत म्हणजे पट्टकृमी.

पिल्लांमध्ये नेहमी सापडणाऱ्या पट्टकृमीच्या शेपटीकडचे अंड्यांनी भरलेले तुकडे सुटतात आणि शीबरोबर किंवा एरवीही स्वतः सरपटत गुदद्वाराबाहेर येतात. ताजा तुकडा पांढरा, शिजलेल्या भाताच्या शितासारखा दिसतो आणि नीट बघितले तर आखडतो, लांबतो. तासाभरात तो वाळून पिवळट, तिळाएवढा होतो आणि शेपटीखालच्या केसांना किंवा पिल्लाच्या अंथरुणाला चिकटलेला सापडतो. असा तुकडा पारदर्शक चिकटपट्टीने पांढऱ्या कागदावर चिकटवून डॉक्टरांना दाखवावा. या जंताची अंडी तुकड्यातच बंद असल्याने शीच्या नेहमीच्या तपासणीत ती निसटून जातात, म्हणून घरच्यांनी डोळ्यांनी बघितलेला तुकडा अहवालापेक्षा मोलाचा ठरतो.

हा जंत पिल्लात येतो पिसवेतून. पिसवेच्या अळ्या जमिनीवरची त्याची अंडी खातात. अळीची पिसू होते, ती पिल्लाला चावते. पिल्लू खाजवताना दातांनी तिला टिपते आणि गिळते. गिळल्यापासून तीन आठवड्यांच्या आसपास नवे तुकडे बाहेर पडू लागतात. पिल्लाला ‘जंताचे औषध दिले तरी घासतेच आहे’ ही जी तक्रार सतत ऐकू येते, तिची दोन कारणे इथे आहेत. पिल्लांना दिले जाणारे पायरँटेलचे गोड पातळ औषध गोलकृमी आणि अंकुशकृमींवर चालते, पट्टकृमीवर चालत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागते. आणि प्राझिक्वांटेल देऊनही घरात पिसवा राहिल्या तर महिन्याभरात सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून पिल्लाला दवाखान्यात तोलून घ्यावे. शेजारच्या कुत्र्याची उरलेली अर्धी गोळी देऊ नये.

पिसवा आहेत की नाहीत हे घरीच कळते. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर केस विंचरावेत आणि फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावा. साधी माती असेल तर ती काळीच राहते. पिसवेची विष्ठा असेल तर मिनिटभरात तिच्याभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पिल्लाचेच पचलेले रक्त असते. पिसवा सापडल्यास नुसते पिल्लाला औषध लावून भागत नाही. त्यांची अंडी अंगावरून गळतात, अळ्या गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात वाढतात आणि कोशात त्या महिनोन् महिने टिकतात. अंथरूण गरम पाण्यात धुणे, फटी रोज झाडणे आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करणे हे सलग काही महिने चालवावे लागते. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराला लावले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. गोचीड-पिसवांसाठी रॉकेल चोळण्याचा जुना उपाय पिल्लाची कातडी भाजतो आणि चाटल्यावर पोटात विष नेतो.

आता गुदग्रंथी. मोठ्या कुत्र्यांत बूड घासण्याचे हे ठळक कारण आहे. पिल्लांतही ते असते, पण वरच्या गोष्टी तपासून झाल्यावर त्याकडे वळावे. गुदद्वाराला घड्याळाची तबकडी मानले, तर साधारण 4 आणि 8च्या आकड्यांपाशी, कातडीखाली स्नायूंच्या दोन कड्यांमध्ये दोन लहान पिशव्या असतात. मासळीसारखा उग्र वास येणारा तपकिरी द्रव त्यांत साठतो. शी बाहेर पडताना स्नायू दाबले जातात आणि थोडा द्रव बारीक नळीतून बाहेर येतो. भेटलेली दोन कुत्री एकमेकांची शेपटी हुंगतात, तेव्हा समोरच्याची ओळख त्यांना बऱ्याच अंशी या वासावरून पटते. घाबरलेल्या पिल्लाच्या पिशव्या एकदम रिकाम्या होतात आणि खोलीभर घाण सुटते, तेही याचमुळे.

पिशवी रिकामी व्हायला शीचा घट्टपणा लागतो. बरेच दिवस शी मऊ राहिली की दाब पुरत नाही, द्रव आटून मलमासारखा होतो आणि नळी तुंबते. मग जंतुसंसर्ग होऊन पू धरतो. एका बाजूला लाल, गरम, दुखरी गाठ येते आणि ती फुटली तर रक्तमिश्रित पू वाहतो. या टप्प्यावर भूल देऊन पिशवी धुणे, प्रतिजैविके आणि वेदनाशामक असा उपचार करावा लागतो. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना घातक ठरतात. त्या घरातून देऊ नयेत. वारंवार त्रास होणाऱ्या कुत्र्यांच्या पिशव्या शस्त्रक्रियेने काढता येतात, पण तो शेवटचा उपाय आहे. जवळच्या नसांना इजा झाली तर शीवरचा ताबा जाण्याचा धोका त्यात असतो.

अंघोळ घालताना दर महिन्याला या पिशव्या दाबून रिकाम्या करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. निरोगी पिल्लाला तिची गरज नसते. विनाकारण दाबल्याने आतले अस्तर सुजते, नळीला इजा होते आणि नसलेला त्रास सुरू होतो. पिशवी खरोखर तुंबली आहे का, हे हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपून पशुवैद्य सांगतात आणि तेच ती रिकामी करतात. पुन्हा तुंबू नये म्हणून घरी करण्याचे काम शी बांधीव ठेवण्याचे असते. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-मसाला आणि फोडणी न घालता, चमचाभर जेवणात मिसळला तर तंतू मिळतो. इसबगोलही चालते, मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्यासह. कांदा-लसूण घातलेले घरचे उरलेले खाणे मुळीच देऊ नये. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

जंत नाहीत, पिसवा नाहीत, ग्रंथी मोकळ्या, शी बांधीव, तरीही घासणे चालू असेल आणि पिल्लू पंजे चाटत असेल किंवा कान खाजवत असेल, तर अ‍ॅलर्जीचा विचार करावा लागतो. अन्नाची अ‍ॅलर्जी वर्षाच्या आतही दिसू शकते. तिचे निदान करायला आठवडे लागतात, कारण पूर्वी कधीच न खाल्लेले एकच ठरावीक अन्न दोनेक महिने देऊन बघावे लागते आणि त्या काळात घरातल्या कुणी एक बिस्किट दिले तरी सगळी मेहनत वाया जाते. मादी पिल्लांमध्ये योनिमार्गाचा दाह हेही एक कारण असते. शेपटीखाली चिकट स्राव दिसल्यास ते डॉक्टरांना सांगावे.

जोरात कुंथणाऱ्या पिल्लाच्या गुदद्वारातून लालभडक, ओलसर नळीसारखा भाग बाहेर आला असेल, तर ते आतडे असते. त्यावर स्वच्छ ओले फडके ठेवावे, पिल्लाला चाटू देऊ नये आणि तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठावा. ते वेळेत आत बसवले तर पिल्लू बरे होते. वाळले, सुकले तर तो भाग कापावा लागतो.