पाटलाचा वाडा आणि विहिरीवरची मोट
(लेखांक ७)

मागच्या लेखात बलुतेदारांची हत्यारं पाहिली. ही हत्यारं, औतं, भांडी जपायची तर कुठे, हा आजचा विषय.

जामखेड तालुक्यात सीनेच्या काठी चौंडी आहे. ३१ मे १७२५ रोजी इथल्या पाटलांच्या, माणकोजी शिंद्यांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. तो वाडा आज जपलेला आहे आणि लोक तिथे हात जोडायला येतात. ते योग्यच आहे. पण पाटलाचा वाडा म्हणजे नुसतं राहतं घर नव्हे. सरकारसारा गोळा करून देणं पाटलाच्या अंगावर, गावचे तंटे त्याच्या ओसरीवर. गाव कसं चालत होतं हे समजून घ्यायला किल्ल्यापेक्षा असा वाडा जास्त उपयोगी.

स्टॉकहोमला आर्टुर हाझेलियसने १८९१ मध्ये स्कॅन्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं, ते देशातली जुनी घरंच उचलून आणून. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर पुतळ्यांतून अख्खं गाव उभं केलंय. दिनकर केळकरांनी दिवे-अडकित्त्यांसारख्या घरगुती वस्तू जमवून पुण्यात संग्रहालय केलं. तिन्ही कामं मोठी. तरी मला वाटतं, वस्तू जिथे वापरली तिथेच ती सगळ्यात नीट कळते.

मोटच घ्या. भिंतीवर टांगली तर ती चामड्याची एक सुकलेली पिशवी. विहिरीवर तिची करामत दिसते. मोटेच्या तोंडाला जाड नाडा, खालच्या सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उताराला लागले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात. सोंड दुमडलेली, तोंडाच्या उंचीला राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाला आली की नाडा तिला वरच्या चाकाकडे उचलतो आणि सोंदूर सोंडेला खालच्या रुळावरून थारोळ्यात खेचतो. पाणी आपोआप ओतलं जातं आणि पाटाला लागतं. विहिरीच्या तोंडाशी माणूसच लागत नाही! ही अक्कल कुठल्या एका कारागिराच्या नावावर नाही, पण कित्येक पिढ्या तिच्यावर जगल्या. धाव, थारोळं, चाक हे सगळं जागेवर असल्याशिवाय ती मुलांना कशी दाखवणार?

वाड्यांचं मात्र एक दुखणं आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना माळवद असतं: तुळया, त्यांवर फळकुटं आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पण पावसाळ्याआधी वर माती टाकून ती चोपावी लागते. घरातली माणसं शहरात गेली की हे काम थांबतं. मग पाणी मुरतं, तुळई कुजते आणि छत बसतं.

तेव्हा वाचकांना विनंती: घरी मोटेचं चाक, तिफण, कणगी पडून असेल तर भंगारात देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कोणत्या भागाला काय म्हणत, तो कसा वापरत, हे लिहून घ्या आणि फोटोसह गावच्या शाळेत ठेवा.