समुद्राला ताप आला, नोंद कोण ठेवतो?

सहलीला जाऊन आलेल्या एखाद्या घरी शोकेसमध्ये पांढरेशुभ्र, फांद्या फुटलेले पोवळे ठेवलेले असते. 'समुद्रातले फूल' म्हणून ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जाते. वास्तविक ते फूल नाही आणि दगडही नाही. प्रवाळ नावाच्या असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या वस्तीचा तो सांगाडा आहे. जिवंत असताना ही वस्ती तपकिरी, हिरवट, जांभळी दिसते.

अशा सांगाड्यांवरच आपल्या देशातील काही हजार कुटुंबांची घरे उभी आहेत. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे किलोमीटर दूर असलेली लक्षद्वीपची ३६ बेटे प्रवाळांनीच घडवलेली आहेत. त्यांतील १० बेटांवर प्रामुख्याने माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत ही लोकसंख्या ६४ हजारांच्या वर होती आणि तीत दहापैकी नऊहून अधिक लोक अनुसूचित जमातीचे होते. बेटांची उंची समुद्रापासून जेमतेम काही मीटर. लाटांचा मार प्रवाळाची भिंत झेलते. कुपा मासा गळाने धरण्यासाठी लागणारी जिवंत आमिषाची मासळीही बेटाभोवतीच्या शांत, उथळ पाण्यातूनच मिळते. प्रवाळ गेले तर भिंत जाईल आणि भाकरीही जाईल.

लेट मार्कचा हिशेब

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हा सहवास मोडतो, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे दिसू लागते. ते लगेच मरत नाही, उपाशी पडते. पाणी वेळेवर निवले तर शैवाल परतते. निवले नाही तर मरण.

म्हणूनच नुसते 'आज पाणी किती गरम' हे कळून भागत नाही. ते किती दिवस गरम राहिले हे मोजावे लागते. आम्ही पेशाने कारकून, म्हणून हा हिशेब आम्हाला हजेरीपटासारखा वाटतो. एखादा लेट मार्क लागला म्हणून कोणी रजा कापत नाही. साठले की कापतात. शास्त्रज्ञ त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची नेहमीची सरासरी धरतात. पाणी तिच्यापेक्षा १ अंश सेल्सिअसने जास्त राहिले आणि असा एक आठवडा गेला, की खात्यावर १ जमा. २ अंश जास्त असेल तर एका आठवड्याचे २. मागील १२ आठवड्यांची बेरीज ४ झाली की प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका, ८ झाली की मोठ्या प्रमाणावर मरण्याचा. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे हैदराबादचे 'इन्कॉइस' हे केंद्र २०११ पासून उपग्रहांच्या आधारे असे इशारे देत आले आहे.

परंतु उपग्रहाला पाण्याचा वरचा पापुद्राच दिसतो. खाली प्रवाळापाशी काय चालले आहे, हे कळायला पाण्यातच उपकरण हवे. तळहातात मावेल एवढा तापमापक पाणबुडे प्रवाळाजवळ बांधून ठेवतात. तो ठराविक मिनिटांनी नोंद घेत राहतो आणि काही महिन्यांनी काढून वाचला जातो.

उन्हाचीही नोंद हवी

आता वाचक विचारतील, उन्हावर जगणाऱ्याला उन्हाची भीती कशाला? तर तापलेल्या पाण्यात शैवालाची अन्न करण्याची यंत्रणा कोलमडते. मग तेच ऊन झेपेनासे होते आणि त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात. १९९८ साली पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांजवळ पाणी तापले, तरी तेथील प्रवाळ बरेचसे वाचले. आकाश ढगाळ राहिल्यामुळे ते वाचले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी २००१ मध्ये मांडला. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तापमानासोबत प्रकाशही मोजतात. पाण्याखालच्या प्रकाशमापकावर शेवाळ चढते, म्हणून तो वारंवार पुसावा लागतो. नाहीतर शेवाळाची सावली तो समुद्राची म्हणून लिहील!

लक्षद्वीपला एप्रिल-मे महिने कठीण. ऊन आणि ताप दोन्ही त्याच वेळी चढतात. पावसाळी ढग आले की दिलासा मिळतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हा दिलासा मिळेपर्यंत पुष्कळ नुकसान झाले. १९९८ ते २०२२ या काळात आगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांजवळ केलेल्या पाहणीत जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आल्याचे दिसले.

नोंद कशासाठी?

कोणी म्हणेल, मोजल्याने समुद्र थोडाच थंड होतो? खरे आहे. वातावरणात जगाने सोडलेला धूर कमी झाल्याशिवाय तो थंड होणार नाही. परंतु वस्तीत पुराचे पाणी शिरले, पंचनामा झाला नाही, म्हणून मदत नाकारली गेली, अशा कुटुंबांचे अर्ज आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. चिखलाने भरलेले घर डोळ्यांसमोर असते, पण कागदावर काहीच घडलेले नसते. ज्यांचा आवाज लहान, त्यांना नोंदीचाच आधार. हा धूर सोडण्यात बेटावरच्या कोळ्याचा वाटा नगण्य आहे. उद्या त्याला आपले गाऱ्हाणे मांडायचे झाले, तर तापमानाची आणि प्रकाशाची ही वही हाच त्याचा पंचनामा ठरेल. शिवाय इशारा वेळेवर मिळाला, तर त्या महिन्यांत गाळ उपसणे, नांगर टाकणे, सांडपाणी सोडणे थांबवता येते. आजारी माणसाला निदान आणखी धक्का तरी बसू नये.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे गेलात, तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि त्याचा तुकडा घरी आणू नका. २००१ पासून कायद्याने तो गुन्हा आहे. मुलांना मात्र जरूर सांगा, की पाण्याखाली एक वस्ती आहे आणि तिचा ताप रोज कोणीतरी लिहून ठेवायला हवा.