दोन नोंदींमधील क्षण : ओपनझेडएफएसमधील एका दोषाचा उलगडा

ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना ‘रेस कंडिशन’ ही संज्ञा हमखास येते. दोन कामे एकाच माहितीवर एकाच वेळी चालू असतील आणि कोणते आधी पोचते यावर निकाल ठरत असेल, तर त्या अवस्थेस रेस कंडिशन म्हणतात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात. परंतु असा दोष किती काळ लपून राहू शकतो, याची कल्पना व्याख्येवरून येत नाही. नोव्हेंबर २०२३ मधील ओपनझेडएफएसचे प्रकरण या दृष्टीने वर्गात सांगण्याजोगे आहे.

झेडएफएस ही फाइल सिस्टीम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झाली आणि २००५ मध्ये तिचा मूळ संकेत खुला झाला. ओपनझेडएफएस या नावाने ती लिनक्स व फ्रीबीएसडीवर चालते. साठवलेल्या मजकुराचा चेकसम ठेवून तो वाचताना ताडून पाहणे, ही तिची ख्याती. असे असूनही जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांना नकल केलेल्या काही फाइलींत मजकुराच्या जागी नुसती शून्ये आढळली. त्रुटीचा एकही संदेश आलेला नव्हता.

पहिला संशय नव्या सोयीवर गेला. ऑक्टोबर २०२३ मधील २.२.० आवृत्तीत ‘ब्लॉक क्लोनिंग’ आले होते; २.२.१ मध्ये ते बंद ठेवण्यात आले. तरीही दोष गेला नाही. पुढे तो २.१ मालिकेतही घडवून दाखवता आला, आणि त्या मालिकेत ही सोय मुळात नव्हतीच. म्हणजे दोष जुना होता.

त्याचे स्वरूप कचेरीच्या दृष्टान्ताने समजते. आलेली पत्रे फाइलला लावायची आहेत. त्याच्या खुणा दोन : प्रलंबित यादीत फाइलचे नाव, आणि ट्रेमध्ये पडलेली पत्रे. कारकुनाने फाइलचे कव्हर तयार करून यादीतील नाव खोडले; पत्रे मात्र अजून ट्रेमध्येच आहेत. नेमक्या त्याच क्षणी कोणी विचारले, “या फाइलीत काही आहे का?” उत्तर देणाऱ्याने फक्त यादी पाहिली, काही बाकी नाही असे मानले, फाइल उघडली आणि ती कोरी असल्याचे सांगितले.

झेडएफएसमध्ये हेच घडत होते. नव्या फाइलीत पहिला मजकूर लिहिला जाताना फाइलच्या मूळ नोंदीत बदल होतो आणि मजकुराचे वेगळे प्रलंबित बदलही नोंदले जातात. डिस्कवर उतरवताना पहिली खूण आधी पुसली जाई आणि दुसरी थोडा वेळ मागे राहत असे. तपासणी मात्र एकच खूण पाही. नकल करणारी ‘सीपी’ ही आज्ञा कोअरयुटिल्सच्या ९ क्रमांकाच्या मालिकेपासून मजकूर कोठे आहे व पोकळी कोठे आहे, हे आधी विचारून घेऊ लागली. त्यामुळे तो अल्पसा क्षण गाठला जाण्याचा संभव वाढला. ‘मजकूर नाही’ असे उत्तर मिळाले की ती संपूर्ण नकलेत पोकळी ठेवी.

दुरुस्ती छोटी होती : दोन्ही खुणा तपासाव्यात, एक जरी शिल्लक असेल तर मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत थांबावे आणि मगच उत्तर द्यावे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांतून ती सर्वांना मिळाली.

झालेले नुकसान मात्र शोधणे कठीण होते. चुकीच्या उत्तरावरून तयार झालेली पोकळी फाइल सिस्टीमच्या दृष्टीने बिनचूकच होती. चेकसमला तेथे हरकत घेण्यास जागा नव्हती. दिलेला मजकूर जसाच्या तसा राहिला की नाही, एवढेच चेकसम सांगतो. तो योग्य क्षणी विचारून घेतला होता का, हे सांगत नाही.

प्रयोगशाळेत प्रोग्रॅम हजार वेळा नीट चालला म्हणून विद्यार्थी निर्धास्त होतात. अशा वेळी अध्यापकांनी एकच प्रश्न विचारावा : एकाच गोष्टीची खूण दोन ठिकाणी ठेवली असेल, तर एक पुसल्यावर आणि दुसरी पुसण्यापूर्वी कोणी डोकावले तर त्याला काय दिसेल?