चिनी घरातील पाच गती

दिवाळी चार दिवसांवर आली की माळ्यावरची भांडी खाली उतरतात, भिंतींवरून रंगाचा हात फिरतो आणि बाजारात पणत्या व आकाशकंदिलांची रांग लागते. या रांगेच्या शेजारी गेल्या पंचवीसेक वर्षांत आणखी एक दुकान हटकून मांडलेले दिसते. पोट सुटलेला हसरा बुद्ध, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल फितीत ओवलेली चौकोनी भोकाची नाणी, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या धातूच्या नळ्या, काचेच्या पेल्यात उभी केलेली बांबूची रोपे! या साऱ्या सरंजामास आपल्याकडे 'फेंगशुई' हे एकच नाव पडले आहे. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाशेजारी या पाहुण्यांस जागा देण्यास आमची हरकत नाही. सणाच्या दिवशी दारी आलेल्यास परत पाठवू नये, ही आपली रीतच आहे. परंतु पाहुण्याचे कूळ विचारणे काही रीतीस सोडून नव्हे.

ते विचारू लागले की मौज होते. हसरा बुद्ध म्हणजे शाक्यमुनी गौतम नव्हे. दहाव्या शतकात चीनच्या आजच्या चच्यांग प्रांतात झोळी खांद्यावर टाकून हिंडणारा बुदाई नावाचा एक बौद्ध भिक्षू होऊन गेला. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानले, त्याचीच ही मूर्ती. तिचा फेंगशुईच्या मूळ शास्त्राशी संबंध नाही. पेल्यातील 'बांबू' तर बांबूही नव्हे आणि चीनचाही नव्हे. ते ड्रासिना जातीचे झुडूप असून त्याचे मूळ घर मध्य आफ्रिकेच्या पश्चिमेकडील अरण्यांत आहे. तेव्हा दुकानातील फेंगशुई बाजूस ठेवून तिच्या मुळाशी जाणेच बरे.

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. चौथ्या शतकातील पंडित क्वो फू याच्या नावावर मोडणारा जो ग्रंथ या विद्येचा आधार मानला जातो, तो राहत्या घरांसंबंधी नसून दफनभूमीसंबंधी आहे, हे ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. सृष्टीत वाहणारा प्राण, ज्यास चिनी लोक 'ची' म्हणतात, वाऱ्याने विखुरतो आणि पाण्यापाशी थांबतो. म्हणून पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि बाजूंना वारा अडविणारे उंचवटे अशा जागी पूर्वजांस ठेवावे, असा त्यातील विचार. मृतांसाठी शोधलेली ही सोय पुढे जिवंतांच्या घरांस लागू झाली.

याच विद्येत पुढे पाच तत्त्वांचा विचार गुंफला गेला. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही ती पाच. यांस आपण सरसकट पंचमहाभूते म्हणतो आणि सारा घोटाळा तेथेच होतो. आपल्या पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाशात काष्ठ नाही, धातू नाही. त्यांच्या पाचांत वायू नाही, आकाश नाही. ज्या विद्येच्या नावातच वारा आहे, तिच्या पाच तत्त्वांत वाऱ्यास स्थान नसावे, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे. 'भूत' म्हणजे जे झाले आहे, ज्याने वस्तू घडते ते. चिनी शब्द आहे 'वूशिंग', आणि त्यातील 'शिंग' याचा अर्थ चालणे. म्हणून आम्ही त्यांस 'पंचगती' म्हणू. काष्ठ म्हणजे फळी नव्हे, तर अंकुराची वर व बाहेर पसरण्याची चाल. अग्नी म्हणजे ज्वाळेची ऊर्ध्वगती. पृथ्वी म्हणजे धारण करणे, बी पोटात घेणे. धातू म्हणजे शरद ऋतूप्रमाणे आटोपणे, घट्ट होणे. आणि जल म्हणजे खाली उतरून हिवाळ्यात साठून राहणे. वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर यांच्या फेऱ्यातील हे टप्पे होत, पृथ्वी मध्यभागी.

या गतींत दोन नाती आहेत. पहिले माय-लेकराचे. लाकडाने अग्नी पोसतो, अग्नीची राख माती होते, मातीच्या पोटी धातू सापडतो, थंड धातूवर दव जमून पाणी होते आणि पाण्याने झाड वाढते. दुसरे नाते अंकुशाचे. झाडाची मुळे माती फोडतात, माती पाणी अडविते, पाणी आग विझविते, आग धातू वितळविते, धातूची कुऱ्हाड झाड तोडते. प्रत्येकीस दिशा आणि रंगही आहेत: पूर्वेस काष्ठ व हिरवा, दक्षिणेस अग्नी व तांबडा, मध्ये पृथ्वी व पिवळा, पश्चिमेस धातू व पांढरा, उत्तरेस जल व काळा.

हे शास्त्र घर सजविण्यात कसे उतरते, हे पाहावयाचे तर बेजिंगच्या राजवाड्याइतके दुसरे ठिकाण नाही. १४०६ ते १४२० या काळात उभारलेल्या या नगरीएवढ्या वाड्याच्या छपरांवर सर्वत्र झिलईची पिवळी कौले आहेत, कारण सम्राट हा पृथ्वीच्या मध्यभागी. पूर्वेकडे राजपुत्रांचे महाल आहेत, त्यांची कौले मात्र हिरवी. ती वाढीची दिशा आणि वाढीचे वय. आणि या पिवळ्या सागरात एक छप्पर काळे आहे. ते वनयुआन नावाच्या ग्रंथालयाचे, १७७६ साली पुरे झालेले. लाकडी इमारत, आत कागद. म्हणून माथ्यावर जलतत्त्वाचा काळा रंग.

या ग्रंथालयाचा नमुना घेतला होता निंगबो शहरातील तियानयी या खासगी ग्रंथालयावरून. फान चिन नावाच्या मिंग राजवटीतील निवृत्त अधिकाऱ्याने ते १५६१ ते १५६६ च्या दरम्यान बांधले. आकाशाचा अंक एक जल निर्माण करतो आणि भूमीचा अंक सहा त्यास पूर्णत्व देतो, अशी एक जुनी कल्पना आहे. फान चिनने वरच्या मजल्यावर एकच अखंड दालन ठेवले, खालच्या मजल्याच्या सहा खोल्या केल्या आणि ग्रंथालयाचे नावही त्याच कल्पनेवरून ठेवले. येथवर सारे सांकेतिक झाले. पण तो गृहस्थ तेवढ्यावर विसंबला नाही. त्याने इमारतीपुढे खरेखुरे तळे खणले, आणि तंबाखू व मद्य घेऊन माडीवर चढू नये असा त्या घराण्याचा दंडक पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. काळ्या कौलांनी आग विझत नाही, तळ्याच्या पाण्याने विझते, हे त्या जुन्या लोकांस पक्के ठाऊक होते. संकेत मनाला आठवण देण्यासाठी, व्यवस्था घर राखण्यासाठी. हे ग्रंथालय आजही उभे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. चिनी गृहसजावटीत पाचही तत्त्वे घरात असावीत असे सांगतात, परंतु त्याचा अर्थ पाच वस्तू विकत आणाव्यात असा नाही. आधी पाहावयाचे ते हे की घरात कशाचा अतिरेक झाला आहे. आजच्या सदनिकेत पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरश्या, पोलादी भांडी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात. म्हणजे धातूचे राज्य. अशा खोलीत बसले की माणसास उगाच आखडल्यासारखे होते. येथे अंकुश म्हणून अग्नी आणता येईल, परंतु जाणते लोक शक्यतो भांडण लावीत नाहीत. अतिरिक्त झालेल्या तत्त्वाला त्याच्या लेकराकडे वाहू देतात. धातूचे लेकरू जल. काळसर निळे जाजम, दाराशी फुले तरंगणारे एक घंगाळे, एवढ्यानेही खोली सैलावते. भिंती भडक तांबड्या असतील तर अग्नी पृथ्वीकडे वळवावा. मातीची भांडी, गेरूचा किंवा पिवळ्या मातीचा रंग. ज्या खोलीत सारेच जड, चौकोनी आणि मातकट आहे, तेथे एक उंच हिरवे रोप पुरते. शयनगृहात मात्र मत्स्यपेटी ठेवू नये, असे ते सांगतात. निजण्याच्या जागी वाहते पाणी त्यांस मानवत नाही.

स्वयंपाकघराचे उदाहरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. चूल आणि सिंक शेजारी आले की अग्नी व जल यांचे वैर, असे निदान सल्लागार हटकून करतात. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अशाच सल्ल्यापायी चांगला धडधाकट ओटा फोडला. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस काढलेली रक्कम त्यात गेली. वास्तविक या शास्त्राचा स्वतःचा उपाय किती साधा आहे! जल काष्ठास पोसते आणि काष्ठ अग्नीस. म्हणून दोहोंच्या मध्ये काष्ठ ठेवावे. लाकडी पाट, हिरव्या रंगाची फरशी, कोथिंबिरीची कुंडी, यांपैकी काहीही. वैर असलेल्या दोघांत एक मध्यस्थ बसला की सोयरीक जुळते. भिंत फोडण्याचा सल्ला देणाऱ्याने हा अध्याय वाचलेला नसावा, किंवा वाचून मिटला असावा.

दुसरा घोटाळा वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांच्या सरमिसळीचा. आपल्याकडे अग्नी आग्नेयेस आणि पाणी ईशान्येस; त्यांच्याकडे अग्नी दक्षिणेस आणि पाणी उत्तरेस. आपल्याकडे घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, ते मोकळे, आकाशाचे. त्यांच्याकडे मध्यस्थानी पृथ्वी. दोन्ही एकाच सदनिकेत पाळू गेल्यास गृहिणीने शेगडी हातात घेऊन फिरावे लागेल. आमच्या मते चिनी दिशांमागे उत्तर चीनची भूमीच उभी आहे. तेथे हिवाळ्यात उत्तरेचे बोचरे वारे येतात, ऊन दक्षिणेचे हवेसे वाटते, आणि पीतनदीच्या खोऱ्यातील माती खरोखरच पिवळी आहे. म्हणून बेजिंगच्या जुन्या चौसोपी घरांत मुख्य दालन उत्तरेस व दक्षिणाभिमुख, दरवाजा आग्नेय कोपऱ्यात आणि आत शिरताच आडोशाची भिंत असे. कोकणात पाऊस-वारा नैर्ऋत्येकडून येतो. तेथील घराने बेजिंगची दक्षिण गिरविली तर पडवी भिजेल. एक गोष्ट मात्र त्या घरांत आणि आपल्या वाड्यांत सारखी आहे. मध्यभागी पृथ्वी मानणारे चिनी लोकही प्रत्यक्षात तेथे उघडा चौकच ठेवीत. आपल्या चौकात तुळस, त्यांच्या चौकात डाळिंबाचे झाड आणि माशांचे रांजण.

या पंचगती एकत्र नांदताना पाहाव्यात त्या त्यांच्या वसंतोत्सवात, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणात. २०२४ साली युनेस्कोने या सणास मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. वर्षाच्या अखेरच्या महिन्यातील तेविसाव्या किंवा चोविसाव्या तिथीस चूलदेवाच्या तोंडाला गोड चिकट मिठाई लावतात, कारण तो स्वर्गात जाऊन घराची चहाडी करणार! मग त्याचे जुने चित्र जाळून त्यास निरोप देतात. त्या सुमारास घराची झाडलोट होते. दारांच्या दोन बाजूंस तांबड्या कागदावर लिहिलेल्या शुभवचनांच्या पट्ट्या लागतात. दक्षिणेकडे, ग्वांगतुंग व हाँगकाँगमध्ये, पिवळ्याधमक बारीक संत्र्यांनी लगडलेली झुडपे दाराशी येतात, पीचची फांदी येते, आणि उथळ बशीत गारगोट्यांमध्ये बसविलेले नर्गिसाचे कंद नेमके सणाच्या दिवशी फुलावेत म्हणून घरातील वडीलधारी मंडळी दिवस मोजीत बसतात. त्या एका बशीत भाजलेली माती आहे, पाणी आहे आणि पाण्यावर पोसलेले हिरवे पाते आहे. शेजारी कागदाचा तांबडा अग्नी आणि संत्र्यांचे सोने. सजावट म्हणून यापलीकडे काही नसते, आणि काही नसले तरी चालते.

पाडव्याच्या दिवशी मात्र तिकडे घरातील झाडू दृष्टीआड ठेवतात. त्या दिवशी झाडले तर नव्या वर्षाचे भाग्य केराबरोबर बाहेर जाईल, ही भीती. आपण लक्ष्मीपूजनास नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतो, आणि जुन्या रीतीप्रमाणे त्याच रात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला केराबरोबर उंबऱ्याबाहेर काढतो. चिनी गृहिणीला त्या दिवसांत झाडावेच लागले, तर ती उंबऱ्यापासून आत झाडीत येते, केर कोपऱ्यात राखून ठेवते, आणि पाचवा दिवस उलटला की मागील दाराने टाकते.